उभ्याची मोरी

कासार आंबोली, ता. मुळशी
२ फेब्रुवारी १९५९

सौ. वन्सं सारजाबाईंस रंभाचा वाकून नमस्कार.

पाकीट फाडताना जरा जपून. आत एक सुतळी हाय, गाठ मारलेली. ती कचरा म्हणून चुलीत घातलीत तर माझं सगळं मुसळ केरात!

वन्सं, नव्या घराच्या भिंती खांद्याला लागल्या. तुमचं दादा म्हंत्यात, पाडवा झाला की पंधरा-वीस दिसांत वास्तुशांत. परवा भिवाजी गवंडी मला विचारतोय, "वैनी, मोरी कुटं काढायची?" आन् माझ्या तोंडातनं पटकन निघून गेलं, "खाली न्हाई काढायची, वर काढायची." तो थापी खाली ठेवून माझ्याकडं बघतच बसला. त्याला वाटलं, बाई माळ्यावर मोरी करतीया.

संक्रांतीला तुमच्याकडं आले व्हते तवा तुमच्या घरमालकिणीच्या सैपाकघरात बघितलं ते काय डोक्यातनं जात न्हाई. ओट्यात बसवलेलं पांढरंशुभ्र सिंक, आन् बाई आपली उभ्या उभ्या, पदर खोचून, कपबश्या विसळतीया. उकिडवं बसणं न्हाई, लुगड्याचा काठ भिजणं न्हाई, उठताना भिंतीला धरणं न्हाई. मी बघतच ऱ्हायले. तुमी म्हणाला, "वहिनी, चहा गार होतोय." मला कुटला चहा सुचतोय!

तुमचं दादा दोन दिस हसत व्हते. गावात नळ न्हाई आन् हिला सिंक पायजे, म्हणून. मी म्हणलं, हीर हाय, घागर हाय, मी हाय. ओट्याच्या टोकाला रांजण ठेवायचा, त्याला पितळी तोटी बसवायची. झाला नळ. शेवटी म्हणाले, "बरं बाई, कर. पर दोन-दोन मोऱ्या व्हायच्या न्हाईत. जागा एकच हाय. खालची तर खालची, वरची तर वरची." मी म्हणलं, वरची!

आता तुमी एवढंच करा. पुण्याच्या दुकानात जाऊन बघा, कसलं सिंक आपल्या घराला टिकंल. माझं मन पांढऱ्यावर हाय, पर तुमी सांगाल ते. सुतळीचं टोक जमिनीला लावलं की गाठ जिथं येते तिथं सिंकाचा काठ यायला पायजे. तेवढ्या उंचीचा ओटा पुण्यात बांधत्यात का, तेबी इचारा.

तुमच्या आईची, आमच्या आत्याबाईंची तब्येत तशीच. दसऱ्याला मोरीत घसरून पडल्या तवापासनं उजवा गुडघा वाकत न्हाई. मी त्यांना मोरीकडं फिरकू देत न्हाई. दिसभर ओसरीवर बसत्यात, सैपाकघराकडं पाठ करून. अर्धीच भाकर खात्यात. वाढायला गेलं की म्हंत्यात, "बसून खाणाराला अर्धी लई झाली." मला घास गिळवत न्हाई.

त्यांना सिंकाचं काही कळवू नका. माझ्या गळ्याची आण हाय.

तुमची रंभा

*

कसबा पेठ, पुणे
९ फेब्रुवारी १९५९

सौ. रंभावहिनीस सारजाचा सप्रेम नमस्कार.

अगं, काय पत्र लिहिलंस! मी तवा उतरवला, पदर डोक्यावर घेतला आणि तशीच रविवार पेठेत. हे घरी आले तर चूल गार. पण ऐक तर खरं.

दुकानात तीन तऱ्हा होत्या. एक चिनी मातीचं, तुला हवं तसलं पांढरं. एक लोखंडाचं, वरून पांढरा मुलामा दिलेलं. आणि एक मोझॅकचं, त्यात संगमरवराचे खडे, हात फिरवला की गार वाटतं. शेट तिन्हींवर बोट वाजवून दाखवत होता. मी म्हटलं, वाजवून काय कळतंय, आम्हाला काय भजन करायचंय? घासून बघितलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पिशवीत पितळी तांब्या, राखेची पुडी, चिंचेचा गोळा आणि नारळाची शेंडी घेऊन गेले. पांढऱ्यात पाणी ओतलं, बसकण नाही की काही नाही, उभ्यानंच तांब्या घासायला लागले! शेट गल्ल्यावरनं धावत आला. "अहो बाई, हे दुकान आहे, मोरी नाही!" मी म्हटलं, "मग विकताय काय तुम्ही? मोरीच ना?" गिऱ्हाईकं हसायला लागली.

वहिनी, उभ्यानं घासायला इतकं सुख वाटलं म्हणून सांगू! पण निकाल ऐक. पांढऱ्यावर पितळेचे करडे ओरखडे उठले, पुसून जाईनात. भरला हंडा निसटला तर तडा जाईल, हे शेटनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. शिवाय त्याच्या खाली वळलेली नळी असते, राख तिथंच साचून बसणार. लोखंडाच्याचा कोपरा दुकानातच उडालेला. मोझॅकवर मी चिंचेचा गोळा ठेवला आणि शेटशी घासाघीस करत बसले. उचलला तर तेवढी जागा निस्तेज. चिंच खडे खाते!

शेवटी शेटच हात जोडून म्हणाला, "बाई, तुमच्या राखेला आणि चिंचेला पुरून उरेल असं माझ्या दुकानात काही नाही. तुमच्या डोंगरातला काळा दगड कोरून घ्या."

तेव्हा बघ. पांढरं हवं असेल तर राख सोडावी लागेल, साबणाची भुकटी आणावी लागेल. राख सुटत नसेल तर दगड. काय ते तू ठरव.

आणि तुझी सुतळी! अगं, ती अंगठ्याखाली धरून मी गाठ वर ओढली तर माझ्या कोपराला बरोबर आली. तू माझ्याहून वीतभर उंच. आपल्या घरात तुला ताडमाड म्हणतात ते उगीच का? ह्या मापानं ओटा घातलास तर जन्मभर वाकून भांडी घासशील. उंदरानं कुरतडली की काय सुतळी? नीट माप घेऊन दुसरी पाठव. ही मी खुंटीला अडकवून ठेवलीय.

आईला सांगू नको म्हणतेस, नाही सांगत. पण का गं? घर तिचंही आहेच की.

तुझी सारजा

*

(पोस्टकार्ड)
कासार आंबोली, १४ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार. दगडच ठरला. पांढरं डोळ्यांपुढनं जात न्हाई, पर राख सोडवणार न्हाई. कुशाबा पाथरवटाला आज सुपारी दिली. तो डोंगरामागनं दगड आणतोय, तीन हात लांब. सुतळी बरोबर हाय, उंदरानं खाल्ली न्हाई. तेवढीच उंची. जास्ती लिहीत न्हाई, कार्ड उघडं हाय आन् भैरू पोस्टमन घरी द्यायच्या आधी सगळ्या गावाला वाचून दावतुया. तुमी दुकानात उभ्यानं तांब्या घासला हे ऐकून तुमचं दादा ठसका लागंस्तवर हसले. रंभा.

*

कासार आंबोली
२२ फेब्रुवारी

चि. सारजाला तुझी आई धोंडाबाई हिचा आशीर्वाद. हे पत्र भैरू लिहितुया. रंभाकडनं लिहून घ्यायजोगं न्हाई, म्हणून पोस्टाच्या पायरीवर बसून सांगतीया.

सारजे, मला तुझ्याकडं घेऊन जा.

मी ह्या घरात आले तवा माझ्या सासूनं पळी माझ्या हातात दिली आन् आपण उठून मोरीवर जाऊन बसली. आपल्या घराची रीत हाय. सून आली की चूल सुनंची आन् मोरी सासूची. त्यात कमीपणा न्हाई गं. घरात कोण पोटभर जेवलं, कोण उपाशी उठलं, हे मोरीवरच्या बाईला आधी कळतं. तुझा बाप आजारी पडला ते त्यानं सांगायच्या आधी मला त्याच्या ताटावरनं कळलं व्हतं. रंभा आली तवा मीबी पळी तिला दिली आन् मोरीवर गेले. वीस वर्सं बसले.

दसऱ्याला पडले तवापासनं तिनं मला तिथनं उठवलं. पाय ठेवू देत न्हाई. बरं, जुन्या घरात निदान मोरी दिसती तरी. नव्या घरात मोरीच काढत न्हाईत! भिवाजीच्या तोंडातनं निसटलं, उभ्यानं घासायचं काहीतरी दगडाचं ठरलंय. मला कुणी इचारलं न्हाई की सांगितलं न्हाई. मी गेले की दोघं नवराबायको बोलायचं थांबत्यात. उभी ऱ्हाणार ती, ताडमाड बाई. म्हातारी कुटं? ओसरीवर.

आन् अजून एक. भैरू लिहू नको म्हणतुया, तरी मी लिहायला लावते. मागल्या म्हैन्यात मी तुळशीपाशी उभी व्हते. रंभा मागनं आली आन् मला सुतळीनं मोजलं. म्हणाली, चोळीचं माप घेते. चोळीचं माप कुणी पायाच्या अंगठ्यापासनं घेतं व्हय? जित्या माणसाला सुतळीनं कोण मोजतं, सारजे? तिरडीचे बांबू तोडायचे असले की मोजत्यात. गाठोडं बांधून ठिवलंय. शिमगा झाला की गाडीत बसते.

(ताई, मी भैरू. म्हातारी रडली न्हाई, पर पुण्याच्या गाडीची येळ मला दोनदा इचारून गेली. उत्तर लवकर द्या.)

*

कसबा पेठ, पुणे
२६ फेब्रुवारी

वहिनी,

आज नमस्कार-बिमस्कार काही नाही. आईचं पत्र आलं. भैरूच्या हातचं. स्वतःच्या घरात सून लिहिणारी असताना माझ्या आईला पोस्टाच्या पायरीवर बसावं लागलं! तुला लाज नाही वाटली?

तू म्हणालीस आईला कळवू नको, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तुला उभ्यानं मिरवायचंय, खुशाल मिरव. पण जिनं तुझ्या हातात पळी दिली तिची मोरी तू काढून घेतेस? ओसरीवर बसवतेस, पाहुण्यासारखी? आई गाठोडं बांधून बसलीय. तिला वाटतंय, तू तिच्या मरणाची वाट बघतीयास. चोळीचं नाव सांगून तू तिला मोजलंस! तुळशीपाशी! पायाच्या अंगठ्यापासनं सुतळी लावून

थांब.

वहिनी, इथं माझा हात थांबला. सुतळी.

मी उठले. खुंटीवरची तुझी सुतळी काढली. अंगठ्याखाली धरली, गाठ वर ओढली. माझं कोपर. अगं, माझं कोपर म्हणजे आईचं कोपर! लहानपणी सगळा गाव म्हणायचा, धोंडाबाईनं आपलाच साचा काढलाय. चपला बदलून घालायचो आम्ही, लुगडी बदलून नेसायचो. आणि मी शहाणी दुकानात उभी राहून उंदराला दोष देतेय!

तू आईच्या मापाचा ओटा घालतेस. गुडघा वाकत नाही म्हणून. तिला पुन्हा मोरीवर उभं करायला.

मी किती वेळ रडले मला माहीत नाही. मग हसायलाच लागले. हे म्हणाले, "वेड लागलं का?" म्हटलं, "होय, लागलं."

वरचं सगळं खोडून टाकणार होते. पण नाही खोडत. तुझी नणंद किती घायकुतीची आहे ते तुझ्याजवळ लेखी राहू दे. पण गाढवे, मला तरी सांगायचंस! कार्ड उघडं होतं, कबूल. पहिलं पत्र तर पाकिटात होतं ना?

आणि एक सांग. पांढरं सोडलंस ते आईचा हात राखेवाचून चालत नाही म्हणून, हेही आता कळलं. पण ओट्याचं काय? कंबर तुलाही देवानं एकच दिलीय. जन्मभर वाकशील?

आईला मी उत्तर देते. कसं, ते विचारू नको.

पाया पडते वहिनी. सारजा

*

पुणे, २६ फेब्रुवारी

भैरूदादा, हे पत्र आईला एकटीला वाचून दाखवा, आणि गावात एक अक्षर बोललात तर तुमची पोस्टाची पिशवी विहिरीत टाकीन.

आई, साष्टांग नमस्कार. सोबत एक सुतळी आहे. ही वहिनीनं मला पाठवली होती. पत्रात लिहिलं होतं, गाठ येईल तिथं नव्या सिंकाचा काठ यायला हवा. आता तू उभी राहा, टोक अंगठ्याखाली धर, आणि गाठ कुठं येते ते बघ. मग जाऊन वहिनीच्या कोपराकडं बघ.

एवढंच. बाकी तुला मी काय सांगणार? गाठोडं सोडायचं की नाही, तू ठरव. माझं दार तुला कायम उघडंच आहे.

तुझी सारजा

*

कासार आंबोली
२१ मार्च १९५९

सौ. वन्सं सारजाबाईंस रंभाचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी गोठ्यात जाऊन रडून आले. रागाचा अर्धा आन् दुसरा अर्धा, दोन्हीपायी. तुमचा राग मला लागला न्हाई. माझ्या आईला कुणी असं केलं असतं तर मी पत्र लिहीत बसले नसते, काठी घेऊन आले असते.

तुमाला का सांगितलं न्हाई? खरं सांगू, तुमच्या पोटात तीळ भिजत न्हाई. आन् आत्याबाईंला आधी कळलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "माझ्या एका गुडघ्यापायी घर कशाला उलटंपालटं करताय?" आन् मग त्यांच्या शब्दापुढं तुमचं दादा गेले नसते. म्हणून म्हणलं, आधी बांधू, मग वास्तुशांतीला हात धरून उभं करू. त्यांनी गाठोडं बांधलं, ते मला आठ दिस कळलंसुदिक न्हाई. माझी अक्कल कुटं शेण खायला गेली व्हती कुणास ठाऊक.

माझ्या कंबरेचं इचारलंत. मी शेतात आठ-आठ तास वाकून भात लावते. चार ताटांना वाकले तर काय मरते व्हय?

आता मोठी बातमी. दगड झाला! वन्सं, काय घडवलाय कुशाबानं. काळाभोर, आतनं असा गुळगुळीत की पाणी थांबत न्हाई, घसरूनच जातं. भोक एवढं मोठं ठेवलंय की मूठ जाईल. तिथनं सरळ नळ भिंतीतनं बाहेर, केळीच्या अन् अळवाच्या वाफ्यात. वळण न्हाई, राख अडकायला जागाच न्हाई. दोघी बाया शेजारीशेजारी उभ्या ऱ्हातील एवढा लांब. मी पाच-पाच येळा जाऊन हात फिरवून येते. पांढऱ्याची याद आता येत न्हाई, तुमची शप्पत!

पर वन्सं, माझा जीव थाऱ्यावर न्हाई. गेल्या बुधवारी भिवाजीनं ओटा बांधला, गाठीच्या मापानं. बिस्तरवारी मी घागर घेऊन गेले, तर ओटा उचकटलेला! इटा एकीकडं, चुना एकीकडं. मी भिवाजीवर ओरडले. तो म्हणतोय, "मला काय इचारता? तुमच्या सासूबाई काठी टेकत आल्या व्हत्या. म्हणाल्या, मोड. मोडला." दगड आंब्याखाली पडलाय. मी काय इचारावं म्हणून त्यांच्यापुढं उभी ऱ्हायले, तर त्या म्हंत्यात कशा, "उभी ऱ्हा जरा सरळ. तुझ्या चोळीचं माप घेते." आन् सुतळी काढली. पायाच्या अंगठ्यापासनं!

ती सुतळी तर तुमच्याकडं खुंटीला व्हती ना? गाठ मीच मारलेली, मला न ओळखता येईल व्हय? त्यांनी सुतळी कनवटीला लावली आन् चालत्या झाल्या. गाठोडं अजून कोपऱ्यात बांधलेलं तसंच हाय. त्यांना माझा दगड नको झाला का? की आता माझीच तिरडी बांधायचा इचार हाय? तुमी काय लिहिलंत त्यांना? लवकर कळवा. हितं मला भाकर करपलेली कळत न्हाई.

तुमची घाबरलेली रंभा

*

कासार आंबोली
१२ एप्रिल १९५९

चि. सारजाला आई धोंडाबाईचा आशीर्वाद. आज भैरूला सुट्टी. रंभा लिहितीया, मी सांगतीया. मधी मधी ती आपलं घुसडंल, तिला मी काय बोलत न्हाई.

तुझी सुतळी आली. भैरूनं वाचलं, मी उभी ऱ्हायले, गाठ बघितली. सारजे, मला अशी लाज वाटली की पोस्टातनं घरापातूर मान वर केली न्हाई. पोरीनं माझ्यापायी पांढरं सोडलं, दगड कोरला, आन् मी तिरडीचं बोलले. (आत्याबाई, तेवढं लिहायचं न्हाई मी.) लिव्ह गं, तिला ठाऊक हाय.

मग मला राग आला. तुझ्या वहिनीचा! ही शाणी मला उभी करणार आन् आपण जन्मभर वाकणार. मी अजून किती दिस? दहा वर्सं धर. ती तिथं चाळीस वर्सं उभी ऱ्हाणार. तोंडानं इचारलं असतं तर म्हणाली असती, न्हाई, न्हाई, मला वाकायची सवय हाय. म्हणून भिवाजीला म्हणलं, मोड. आन् चोळीचंच नाव सांगून तिचं माप घेतलं. (वन्सं, आता कळलं ना, मी कुणाच्या हाताखाली शिकले ते!)

आता त्याच सुतळीला दोन गाठी हायेत. खालची माझी, वरची तिची. दोन्हींत मुठीएवढं अंतर. ओटा तिच्या गाठीला बांधला. मग माझं कसं? मी जुन्या घरी गेले आन् आपल्या मोरीचा दगड उपटून आणवला. तोच, ज्याच्यावर माझी सासू बसली, मी बसले. त्याची जाडी मोजली, मुठीएवढीच! कुशाबानं त्याच्यावर टाकी मारली, पाट्याला मारतो तशी, पाय घसरू नये म्हणून. डाव्या अंगाला, रांजणापाशी, तो ठिवला. मी त्याच्यावर उभी, रंभा खाली. दोघींच्या कोपराला काठ बरोबर.

काल पहिल्यांदा भांडी घासली. सारजे, लई गंमत वाटते गं! समोर खिडकी काढलीया. केळ दिसते, रस्ता दिसतो, पौडाची यष्टी जाताना दिसते. वीस वर्सं मी भांडी घासली, पर भिंतीबिगर काय बघितलं न्हाई. तुझ्या दादानं आमटी टाकलेली मला ताटावरनं कळली. इचारलं तर म्हणाला, दाढ दुखतीया. बघ! आठ दिस दुखत व्हती, बायकोला पत्ता न्हाई. (खरं हाय वन्सं. मान खाली घातली मी.)

मी आज सबंध भाकर खाल्ली. (दीड खाल्ली. रंभा.)

गाठोडं सोडलं. त्यातलं लुगडं वास्तुशांतीला नेसणार हाय.

आता शेवटचं. भिवाजी म्हणत व्हता, "म्हातारे, तो पायाखालचा दगड सुटाच ठेवू. तुमाला लागंल तवर लागंल, मग काढता येईल." त्यानं वाईट मनानं म्हणलं न्हाई. पर मी म्हणलं, न्हाई. सिमिटानं पक्का कर. तो म्हणतोय, "तुमच्या मागं तिथं उभं कोण ऱ्हाणार? वैनींना तर लागत न्हाई."

मी म्हणलं, माझी सारजा. तिची उंची माझीच हाय.

पंचवीस तारखेला वास्तुशांत हाय. जावयांना घेऊन ये. पाव्हणी म्हणून ओसरीवर बसू नको, तडक आत ये. माहेरात तुझी जागा पक्की करून ठिवलीया.